आधी कोण आलं, हे विचारू नका

तळोद्याच्या बसस्टँडसमोर चहा घेत होतो. चुलत भावानं मोबाईल माझ्यापुढे धरला. चाळीसेक सेकंदांचं रील. मागे ढोल, वर झेंडे, आणि एक माणूस ठासून सांगत होता की इस्रायल-पॅलेस्टाईनचं भांडण तीन हजार वर्षांचं आहे, धर्माचं आहे, रक्तातलं आहे, म्हणून ते मिटणं शक्य नाही. संपलं की आपोआप पुन्हा सुरू. भाऊ म्हणाला, "पण खरं सांग, तिथं आधी कोण होतं?"

मी म्हटलं, "आपल्या शेतात आधी कोण होतं?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला. चहाचे पैसेही त्यानंच दिले. एरवी तो देत नाही.

मला त्या रीलवाल्याशी भांडायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ते भांडण तीन हजार वर्षांचं नाही, फार तर दीडशे वर्षांचं आहे. ते देवावरून सुरू झालेलं नाही, जमिनीवरून सुरू झालं. देव नंतर आणले गेले, साक्षीदार म्हणून. आणि हे समजायला तोरा, बायबल, कुराण यातलं काही उघडावं लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तर नाहीच. आपल्याला सातबारा वाचता येतो.

०००

आम्ही वसाहतीतले. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, नर्मदाकाठची, आदिवासींची. मणिबेलीचं नाव तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. आमचं गाव त्यातलंच एक, फक्त त्याचं नाव पेपरात कमी आलं. १९७९ साली नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. त्यात ठरलं की जमीन जाणाऱ्या कुटुंबाला कमीत कमी दोन हेक्टर जमीन द्यायची. लिहायला सोपं. जमीन आणायची कुठून? मग १९९० साली केंद्र सरकारनं तळोद्याच्या जंगलातली २७०० हेक्टर जमीन त्यासाठी मोकळी केली. पुढे १९९४ साली आणखी १५००. साग तोडला, खुंट उपटले, प्लॉट पाडले, पत्र्याच्या शेड ठोकल्या आणि डोंगरातली माणसं ट्रकमधून खाली आणली. माझा आजा त्यातल्या एका ट्रकमध्ये होता. घराचे सागाचे खांब त्यानं उतरवून सोबत आणले. पत्र्याच्या शेडमध्ये ते लावता येईनात, म्हणून कित्येक वर्षं अंगणात पडून होते.

नकाशावर ते जंगल होतं. जमिनीवर तिथं शेती होती.

जंगलाच्या कडेच्या पाड्यांतली माणसं तिथं तुकडे कसत होती. ज्वारी, मका, तूर, पावसावर जे येईल ते. त्यांच्याकडे कागद नव्हता. सरकारी भाषेत ते अतिक्रमणदार. बाबा सांगतात, पहिल्या वर्षी आम्ही नांगर घातला तेव्हा बांधावर माणसं उभी होती. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी जास्त माणसं आली. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. कुणाच्या बाजूनं आले, तर कागदाच्या. कागद आमच्याकडे होता.

आता यातला विनोद बघा, म्हणजे विनोद म्हणायचा असेल तर. डोंगरात माझा आजाही अर्धाअधिक अतिक्रमणदारच होता. सातपुड्यातली कित्येक गावं वनगावं, कागदावर जमीन खात्याची, कसणारा मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. आज्याच्या नावावर जेवढी जमीन होती त्यापेक्षा जास्त तो कसत होता. जी कागदावर नव्हती ती पाण्यात गेली आणि हिशेबातूनही गेली. ज्या शब्दानं आज्याला वर लुटलं, त्याच शब्दानं खाली दुसऱ्या एका माणसाला उठवून आज्याला बसवलं. शब्द एक, अतिक्रमण. हुकूम काढणारं टेबलही बहुधा एकच.

आणि ही दोन माणसं कोण? एक भिल, एक पावरा, किंवा दोन्ही भिल. आडनावं तीच, वसावे, पाडवी, वळवी, पावरा. देवी तीच, याहामोगी. होळी तीच. काठीच्या राजवाडी होळीला आम्हीही जातो आणि तेही येतात, एकाच ढोलावर नाचतो. रात्रभर नाचून सकाळी परत आलो की बांध पुन्हा बांध. लग्नं जुळायची थांबली होती मधली काही वर्षं. शाळेत "वसाहतवाले" ही शिवी होती. मी ती खाल्ली आहे, आणि "जंगलचोर" ही उलट शिवी दिलीही आहे.

इथं धर्म कुठे आहे, मला रीलवाल्यानं दाखवावा. जात कुठे आहे, वंश कुठे आहे, तीन हजार वर्षं कुठे आहेत? एका उठवलेल्या माणसाला दुसऱ्या माणसाच्या कसत्या जमिनीवर बसवलं आणि बसवणारा निघून गेला. एवढं पुरतं. भांडण उगवायला याहून जास्त खत लागत नाही.

०००

आता पॅलेस्टाईनकडे जाऊ. तिथंही सुरुवात कागदापासून करावी लागते.

पहिल्या महायुद्धापर्यंत तो मुलूख तुर्की उस्मानी साम्राज्यात होता. १८५८ साली उस्मानी सरकारनं जमिनीचा कायदा केला. प्रत्येक जमीन कुणाच्या तरी नावानं नोंदवायची. शेतकऱ्यांनी याचा अर्थ बरोबर लावला, नाव लागलं की सारा लागणार आणि पोरगा सैन्यात जाणार. अनेक गावं तर जमीन गावकीनं, पाळीपाळीनं वाटून कसत होती, तिथं एकाचं नाव लावणार कसं? मग बऱ्याच ठिकाणी नोंद झाली ती शहरातल्या सावकाराच्या, सरदाराच्या नावानं. शेतकऱ्याला वाटलं, नाव त्याचं असू दे, जमीन तर मीच कसतोय.

शहाद्याच्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही. भिलाचा अंगठा आणि दुसऱ्याचं नाव, हा आपल्या तापीकाठचा इतिहास आहे. धान्य उसनं, बी उसनं, आजारपणाला पैसे, आणि मग एक दिवस आपल्याच शेतात आपण सालदार. अंबरसिंग महाराज सुरतवंती याच प्रश्नावर उभे राहिले, १९७२ च्या आसपास श्रमिक संघटना याच प्रश्नावर उभी राहिली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राला करावा लागला, तो या असल्या अंगठ्यांमुळेच. कायदा झाला, जमिनी किती परत आल्या हे तुमच्या गावात विचारा.

पॅलेस्टाईनमध्ये असा कायदा कुणी केला नाही. तिथं जमिनी विकल्या गेल्या. बेरुतच्या सुरसुक नावाच्या धनाढ्य घराण्याकडे मर्ज इब्न आमिर या सुपीक खोऱ्यातली गावंच्या गावं नावावर होती. १९२० च्या दशकात त्यांनी ती ज्यू संस्थांना विकली. व्यवहार कायदेशीर, पैसे चोख, सह्या बरोबर. गावात राहणाऱ्या कुळांना मात्र बैल सोडून निघावं लागलं. घेणाऱ्यानं चोरी केली नाही. विकणाऱ्यानंही, कागद बघितला तर, स्वतःचंच विकलं. आणि तरीही शेकडो कुटुंबं उठली. यात कोण पापी, हे शोधायला निघालात तर कागदावर सापडणार नाही. बांधावर सापडेल.

आधी एक जमीनदार बदलून दुसरा आला तरी कूळ तिथंच राहायचं. आता मालक बदलला की कूळही बदलायचं होतं. १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा नियम असा की एकदा घेतलेली जमीन कायम ज्यू लोकांची, ती विकायची नाही, दुसऱ्याला खंडानं द्यायची नाही. त्यावर काम करणारा मजूरही शक्यतो ज्यूच. युरोपातल्या तरुण ज्यू कार्यकर्त्यांना यात मोठी नीतिमत्ता दिसत होती, स्वतःच्या हातानं नांगर धरायचा, दुसऱ्याला राबवायचं नाही. नीतिमत्ता खरीच होती. पण ज्याला राबवायचंही नाही त्याला जायचं कुठे, हा प्रश्न त्या नीतिमत्तेत बसत नव्हता.

इथं पॅलेस्टाईनचा झेंडा डीपीला लावणारे माझे पुण्यातले मित्र खूश होतात. थांबा. ज्यू तिथं आले का, हेही बघावं लागेल, नाहीतर तुम्हीही रीलच बनवताय, फक्त दुसऱ्या रंगाचं.

१८८१ साली रशियात झारचा खून झाला आणि ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. १९०३ साली किशिनेव्हला कत्तल झाली. सुधारलेल्या फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ घेऊन त्याला काळ्या पाण्यावर धाडलं. थिओडोर हर्झल हा पत्रकार ते बघून म्हणाला की युरोपात आपलं काही खरं नाही, आपलं स्वतःचं राज्य पाहिजे. १८९७ साली बाझेलला पहिली झायनिस्ट परिषद भरली. पुढे हिटलर आला. १९३८ साली एव्हियाँला बत्तीस देशांची परिषद बसली, या माणसांना कोण घेणार म्हणून. बहुतेकांनी हात वर केले. अमेरिकेनं दारं उघडली असती तर किती जण पॅलेस्टाईनला गेले असते? साठ लाख माणसं मारली गेल्यावर जे उरले त्यांना तुम्ही वसाहतवादी म्हणणार असाल तर माझ्या आज्यालाही म्हणा. त्यालाही दुसरीकडे जागा नव्हती.

शिवाय ज्यूंचं त्या भूमीशी काही नातंच नव्हतं हेही खोटं. जेरुसलेम, हेब्रोन, साफेद, तिबेरियास इथं लहान ज्यू वस्त्या शतकानुशतकं होत्या. जगभरचे ज्यू प्रार्थनेला तोंड जेरुसलेमकडे करतात. ते नातं खरं आहे. फक्त प्रार्थनेची दिशा म्हणजे सातबारा नव्हे.

म्हणून मी म्हणतो, आधी कोण आलं हे विचारू नका. त्या प्रश्नाला दोन्ही बाजूंकडे उत्तर आहे आणि दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. विचारा की कसत कोण होतं, उठवलं कुणी, कुठल्या कागदानं, आणि तो कागद लिहिणारा कुठे बसला होता.

तो लंडनला बसला होता. २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फर यानं लॉर्ड रॉथशिल्डला एक पत्र लिहिलं. पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांसाठी राष्ट्रीय घर उभारायला सरकारचा पाठिंबा आहे, असा त्याचा आशय. तेव्हा तो मुलूख ब्रिटिशांच्या ताब्यातही पूर्ण आलेला नव्हता. तिथं राहणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक अरब होते, मुसलमान आणि ख्रिश्चन. पत्रात त्यांचा उल्लेख आहे, पण नाव नाही. 'तिथले ज्यू नसलेले समाज' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. दहातली नऊ माणसं, आणि त्यांची ओळख काय, तर जे ते नाहीत ते. आमच्याकडचा 'अतिक्रमणदार' आठवतो ना? माणूस पुसायचा तर त्याला मारावं लागत नाही, आधी त्याचं नाव काढून घ्यावं लागतं.

त्याच ब्रिटिशांनी १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रं लिहून अरबांच्या स्वातंत्र्याचं वचन दिलं होतं. आणि १९१६ सालीच फ्रान्सबरोबर गुपचूप बसून तोच सगळा भाग आपसांत वाटून घेतला होता. एक प्लॉट, तीन खरेदीखतं. आपल्याकडे असला व्यवहार करणाऱ्याला एजंट म्हणतात आणि पोलीस ठाण्यात त्याची फाईल असते. त्यांच्याकडे लॉर्ड म्हणतात.

१९२२ च्या ब्रिटिश जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेसात लाखांच्या वर, त्यात ज्यू ११ टक्के. १९४७ पर्यंत ते एक तृतीयांशाच्या जवळ गेले होते, मालकीची जमीन मात्र सहा-सात टक्के. मधल्या काळात रक्त सांडायला लागलं होतं. १९२९ साली हेब्रोनच्या जुन्या ज्यू वस्तीवर हल्ला होऊन ६७ ज्यू मारले गेले. हे नवे आलेले झायनिस्ट नव्हते, बहुतेक धर्मनिष्ठ, जुन्या वळणाचे लोक. त्याच दिवशी अनेक ज्यूंना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. दोन्ही गोष्टी एकाच गल्लीतल्या. १९३६ ते ३९ अरबांचा उठाव झाला, ब्रिटिशांनी तो गावं उद्ध्वस्त करून मोडला. मग थकले, आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या दारात ठेवून निघाले. प्रकल्प पूर्ण झाल्यावर अधिकाऱ्याची बदली होते, तसं.

२९ नोव्हेंबर १९४७ ला फाळणीचा ठराव मंजूर झाला. एक तृतीयांश लोकांच्या राज्याला निम्म्याहून अधिक जमीन. अरबांनी नाही म्हटलं. शेजारच्या अरब राजांनी फौजा पाठवल्या, त्यातल्या काहींचा डोळा पॅलेस्टिनींपेक्षा त्यांच्या जमिनीवरच होता. १४ मे १९४८ ला इस्रायल जाहीर झालं. लढाई संपली तेव्हा सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घराबाहेर होते, चारशेहून अधिक गावं रिकामी. काही पळाले, काहींना बंदुकीच्या धाकानं हाकललं, काही देर यासीनची कत्तल ऐकून निघाले. आठवड्यात परत येऊ म्हणून कुलपं लावून गेले. त्या किल्ल्या अजून घराघरात आहेत.

परत येता आलं नाही, कारण पुन्हा कागद. १९५० साली इस्रायलनं गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा केला. जो ठरलेल्या काळात आपल्या घरी नव्हता तो गैरहजर, त्याची जमीन सरकारजमा. त्यात असेही लोक सापडले जे देश सोडून गेलेच नव्हते, शेजारच्या गावात आसऱ्याला थांबले होते. त्यांच्यासाठी एक शब्द रूढ झाला, 'हजर असलेले गैरहजर'. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो. मग आमच्या बांधावरचा माणूस आठवला.

०००

आणि रिकाम्या घरांत कोण आलं? हे आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही. इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्त इथून पुढच्या वर्षांत लाखो ज्यू इस्रायलला आले. अनेकांना आपापल्या देशात जगणं अशक्य करून टाकलं होतं, घरंदारं जप्त झाली होती. म्हणजे उठवलेल्यांच्या घरात उठवलेले.

त्यात मराठी माणसंही होती. रायगडचे बेने इस्रायल, कोकणातले शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून तसं नाव पडलं. पेणकर, नागावकर, किहीमकर अशी आडनावं. नौगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची आठवण. त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. शेकडो वर्षांत महाराष्ट्रात त्यांच्यावर धर्मावरून हल्ला झाल्याचा दाखला नाही. धर्म हेच भांडणाचं मूळ असतं तर अलिबागेत ते का झालं नाही? कारण तिथं त्यांना बसवायला कुणाला उठवलं नव्हतं.

१९४८ नंतर ते हळूहळू गेले. दिमोना, बीरशेबा, रामला, लोद इथं वसले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. काहींना तिथं करमलं नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी धरणं धरलं, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून, आणि काही परतले. जे राहिले त्यांना तिथले धर्मगुरू पूर्ण ज्यू मानायला तयार नव्हते. लग्नाला अडचण यायची. त्यासाठी १९६४ साली जेरुसलेमला पुन्हा धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे मान्यता मिळाली. तिथंही कागद, तिथंही दाखला. जातपडताळणीच्या रांगेत उभा राहिलेला कुणीही आदिवासी पोरगा त्यांची तगमग ओळखेल.

पण लोद. ते गाव १९४८ च्या जुलैपर्यंत लिद्द होतं. लिद्द आणि रामला या दोन गावांतून पन्नास हजारांहून अधिक अरबांना भर उन्हात चालत बाहेर काढलं गेलं. त्याच लोदमध्ये पुढे एखादी पेणकरांची आजी मलिद्याचं ताट मांडून बसली असेल, एलियाहू हन्नाबीचं नाव घेत. तिला दोष देऊ? माझ्या आजीला देऊ?

०००

आता कुणीतरी म्हणणार, तळोद्याची आणि गाझाची तुलना म्हणजे अति झालं. मान्य, एका मर्यादेपर्यंत. आमच्याकडे फौज नव्हती. बांधावर दगड पडले, केसेस झाल्या, पण कुणी कुणावर विमानातून बॉम्ब टाकले नाहीत. आम्ही आमचं राज्य मागितलं नाही, बांधावरच्या माणसाला हद्दपार केलं नाही. झायनिस्ट चळवळ ही नुसती ट्रकमध्ये घालून आणलेली माणसं नव्हती. तिच्याकडे योजना होती, निधी होता, पुढे शस्त्रं होती आणि एका साम्राज्याची सही होती. आमच्याकडे फक्त भांडी आणि खांब होते.

आणखी एक फरक मला टोचतो, तो भाषेतला आहे. मराठी पेपरात वेस्ट बँकेतल्या 'ज्यू वसाहती' असं छापून येतं. मी वसाहतीतला, त्यामुळे दर वेळी दचकतो. पण १९६७ च्या युद्धानंतर व्यापलेल्या जमिनीवर ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्या निर्वासितांच्या नाहीत. तिथं राहायला जाणाऱ्याकडे आधी घर होतं, देश होता, पासपोर्ट होता. तो पाण्यातून वर आलेला नाही, तो बंदुकीच्या संरक्षणात डोंगरमाथा धरायला गेलेला आहे. १९४८ बद्दल माझ्या मनात दोन माणसांसाठी जागा आहे. १९६७ नंतरच्या वसाहतींबद्दल नाही. तिथं गोंधळायचं काही कारण नाही, आणि जे गोंधळ असल्याचं दाखवतात ते सोयीसाठी दाखवतात.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे जणांना ओलीस नेलं. शेतावरची माणसं, नाचायला जमलेली पोरं, म्हाताऱ्या. आज्याची जमीन गेली म्हणून दुसऱ्याच्या नातवाला मारण्याचा हक्क कुणालाच नाही. त्यानंतर इस्रायलनं गाझात जे केलं त्यात पन्नास हजारांहून कितीतरी अधिक माणसं मेली, हजारो लेकरं. गाझा म्हणजे ३६५ चौरस किलोमीटर, बावीस लाखांच्या आसपास माणसं. आपला जिल्हा त्याच्या दहा पटींहून मोठा आणि २०११ च्या मोजणीत माणसं साडेसोळा लाख. त्या बावीस लाखांतले बहुसंख्य १९४८ च्या विस्थापितांचे वंशज. म्हणजे तो प्रदेश मुळात एक भलीमोठी पुनर्वसन वसाहत आहे, जिचं पुनर्वसन कधी झालंच नाही. हे माहीत नसताना त्यावर हसणारे इमोजी टाकणारे आपले लोक मी पाहतो. आमच्या वसाहतीतलेही आहेत.

त्यांचा मला जास्त राग येतो. दूर बसून निकाल देणं ही आपली जुनी खोड आहे. गांधीजींनी १९३८ साली 'हरिजन'मध्ये लिहिलं की पॅलेस्टाईन अरबांचं आहे, ते मला पटतं. पण त्याच लेखात जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला, तो मात्र वाचवत नाही. सावरकरांनी १९४७ च्या डिसेंबरात ज्यू राज्याचं स्वागत केलं. भारत सरकारनं फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं, १९५० साली इस्रायलला मान्यता दिली, १९९२ साली पूर्ण संबंध जोडले. प्रत्येकानं आपापल्या घरातलं भांडण तिकडे नेऊन लढवलं. आज तेच चालू आहे. हिंदू-मुसलमानाचं इथलं मीठ तिथल्या जखमेवर. रीलवाल्याला ना ज्यूंची काळजी, ना अरबांची. भांडण तीन हजार वर्षांचं आहे असं म्हटलं की कुणालाच काही करायला लागत नाही, हा त्याचा फायदा. जे रक्तातलं आहे त्यावर तहसीलदार काय करणार? जे १९९० सालचं आहे त्यावर मात्र कुणालातरी उत्तर द्यावं लागेल.

०००

बांधावरच्या माणसाबद्दल सांगायचं राहिलं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, मी त्याला काका म्हणतो. २००६ साली वनहक्क कायदा झाला तेव्हा पाड्यातल्या बऱ्याच जणांनी दावे टाकले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा आणि प्रत्यक्ष ताबा लागतो. काकांचा एक तुकडा बसला, दुसरा नाही. दुसऱ्यावर ताबा आमचा आहे, आणि आमचा कागद कायद्याच्या आधीचा आहे. कायदा चांगला आहे. पण त्यात काका हजर असूनही गैरहजर ठरले.

माझ्या बाबांनी एकदा वाटेकरी म्हणून त्यांना कडेचे दोन वाफे द्यायला काढले होते. काकांनी नकार दिला. म्हणाले, माझीच जमीन मी वाट्यानं कशी करू? बाबांना राग आला. मलाही आला होता. आता येत नाही. बाबांचा अजून थोडा आहे.

यंदा पहिला पाऊस पडल्यावर काका बांधावर आले. त्यांचा एक मोह तिथं होता, प्लॉट पाडताना तो तोडला गेला. दर वर्षी ते त्या जागेपाशी थोडा वेळ उभे राहतात. बाबांनी पाभर थांबवली. मी घरातून चहा घेऊन गेलो, तीन कप. बाबा म्हणाले, "पाऊस बरा दिसतोय." काका म्हणाले, "इथं पाणी साचतं. चर खालून काढ, वरून नको." त्या जमिनीचा उतार त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाबांनी चर खालून काढला.